द्वारकाबाईनं टाकलेलं मत

पिंपळगाव रेणुकाईकडं जाताना डांबरी सडक सोडून आत वळलं की एक वाडी लागते. वाडीत शिरताना हापसा, हापशाच्या पुढं मारुतीचं देऊळ आणि देवळाच्या मागच्या अंगाला द्वारकाबाईचं पत्र्याचं घर. दारातून आत पाऊल टाकलं की आधी लोखंडी पलंगच दिसतो. पलंगावर हवेची गादी आणि गादीवर तिचा भारत. गादीचं यंत्र दिवसभर घुर्र करत असतं. लाइट गेली की ते बंद पडतं, आणि मग द्वारकाबाई हातातलं काम टाकून आधी पोराच्या पाठीखाली हात घालून बघते.

भारतला कमरेखालचं काही कळत नाही. बारावीला होता तेव्हा ताडासारखा उंच वाढलेला. भोकरदनला शिकायला होता, तिथं बास्केटबॉल खेळायला लागला आणि जिल्ह्याच्या संघात गेला. जालन्याहून सामने खेळून येताना काळीपिवळी जीप गच्च भरलेली, म्हणून हा मागं पायरीवर उभा राहिला. हसनाबादच्या पुढं म्हैस आडवी आली आणि जीप चारीत गेली. बाकीच्यांना खरचटलं. याच्या पाठीचा मणका गेला.

तेव्हापासून द्वारकाबाईचा दिवस त्या पलंगाभोवती फिरतो. पहाटे उठायचं, सडा टाकायचा, देव्हाऱ्यातल्या रेणुकामातेच्या टाकाला पाणी घालायचं, मग पोराची लघवीची पिशवी रिकामी करायची. त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं. पाठीला जखम होते, ती धुवायची, मलम लावायचं, कपडा बदलायचा. तिचा नवरा बद्रीनाथ शेतात जायच्या आधी एकदा उचलू लागायचा. तो बोलायचा कमी. अपघातानंतर तर जेवायला वाढ म्हणायचंसुद्धा त्यानं सोडलं होतं, नुसता येऊन पाटावर बसायचा. देवीपुढं हात जोडताना द्वारकाबाई एवढंच म्हणायची, माय, आजची जखम कालच्याहून लहान असू दे.

पहिली दोन-तीन वर्षं पोरगा नुसता पत्र्याकडं बघत पडला. मग कल्याण आला.

कल्याण त्याच संघातला. त्याच जीपमध्ये होता, आत बसलेला. जालन्यात त्यानं कॉम्प्युटरचं छोटं दुकान टाकलं होतं. येताना केळी घेऊन आला, पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "भारत, मी एक लीग चालू केली. खोटी खोटी. खेळणारं मशीन, पण गडी आपले."

तो खेळ द्वारकाबाईला समजायला बरेच दिवस लागले. लीगमधल्या प्रत्येक माणसानं आपला एक खेळाडू बनवायचा. त्याचं नाव, उंची, डावा का उजवा, सगळं आपण ठरवायचं. मग आठवड्याला त्याची मेहनत ठरवायची, की या आठवड्यात पळायचा सराव का बॉल टाकायचा. कल्याणच्या कॉम्प्युटरमध्ये ते खेळाडू एकमेकांशी सामने खेळायचे आणि निकाल व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर यायचा. दोन महिन्यांत त्यांचं एक वर्ष संपायचं. खेळाडू तिथंच मोठे व्हायचे, थकायचे आणि एक दिवस खेळ सोडायचे. ग्रुपवर चाळीसेक माणसं होती, जालन्याची, परभणीची, पुण्याची. बहुतेकांनी एकमेकांना डोळ्यानं बघितलेलं नव्हतं.

भारतनं आपल्या खेळाडूला आपलंच नाव दिलं. उंचीही आपलीच दिली.

"एक अट हाय," तो कल्याणला म्हणाला. "माझं असं झालेलं कुणाला सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई. मी शेती बघतो, बस्स."

"न्हाई सांगत," कल्याण म्हणाला. तेवढं बोलताना त्यानं मान खाली घातली, ते द्वारकाबाईच्या ध्यानात राहिलं.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. जखम धुताना पोरगा पालथा पडलेला असायचा, फोन तोंडापुढं धरलेला, आणि मागं आईला सांगत असायचा.

"आई, आज आपण तीस पॉइंट मारले."

"कुणाला मारलं?"

"सर्जेराव सरांच्या गड्याला. ते घनसावंगीचे क्रीडाशिक्षक. लई भडकून राह्यलेत ग्रुपवर. म्हंत्येत, मशीनच खराब हाय."

"मास्तर माणसाला कशाला भडकवतो बाबा. उद्या कुणाचं काम पडंल, सांगता येतं का?"

"अगं मी न्हाई, माझ्या गड्यानं भडकवलं."

"मंग त्याला सांग."

तो हसायचा. हसला की पाठ हलायची आणि तिच्या हातातला कापूस सरकायचा, पण ती काही बोलायची नाही. हळूहळू तिला सगळे खेळाडू वाडीतल्या माणसांसारखे ओळखीचे झाले. नागसेन म्हणून जालन्याचा एक वकील होता, त्याचा गडी कधी कुणाला धक्का मारायचा नाही. परभणीच्या एका बाईनं दीपमाला नावाची खेळाडू केली होती, ती पुरुषांत खेळायची आणि भल्याभल्यांच्या हातातून बॉल काढायची. द्वारकाबाईला ती फार आवडायची. भाकरी थापता थापता विचारायची, "आज आपल्या दीपमालाचं काय झालं रे?"

"आपली कधीपासून झाली? परवा तिनंच आपल्याला हरवलं."

"हरवू दे. बाईमाणूस हाय, एवढ्या गड्यांत उभी राहती."

भारतचा खेळाडू नऊ वर्षं खेळला, त्या खोट्या जगातली नऊ वर्षं. मग त्याचे गुडघे थकले आणि त्यानं खेळ सोडला. त्या दिवशी पोरगा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं आईला नवीन गोष्ट सांगितली. खेळ सोडलेल्यांतले जे फार चांगले असतील, त्यांचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागतं. म्हणजे मानकऱ्यांची भिंतच म्हण. लीग बंद पडली तरी ते नाव निघत नाही. पण ते मतदानानं ठरतं. ग्रुपवरल्या सगळ्यांनी मत टाकायचं, आणि चारातल्या तिघांनी नाव घेतलं तरच माणूस आत. तीन वेळा नाव उभं राहतं, तिसऱ्यांदाही पडलं की कायमचं निघतं.

पहिल्यांदा भारत पडला. दुसऱ्यांदाही थोडक्यात गेला.

"कल्याणला सांग की," द्वारकाबाई म्हणाली. "त्याच्याच हातात हाय ना कॉम्प्युटर. तुझं नाव लावून दे म्हणावं."

पोरगा एकदम तडकला. "तसं न्हाई पाह्यजे मला. ह्या लोकांना माझं काहीच म्हाईत न्हाई, आई. त्यांनी फक्त खेळ बघितलाय. खेळ बघून कुणी म्हणलं पाह्यजे की हा बराबर गडी होता. आठ वर्षं झाली, माझ्याकडं जो येतो तो आधी पायाकडं बघतो."

द्वारकाबाईला ते पटलं. पोराला काय हवं आहे हे तेव्हापासून तिला नीट माहीत होतं. तो एरवी काही मागायचा नाही, आणि डॉक्टरनं बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं की किडन्यांत वारंवार पू होतोय, किती दिवस काढतील सांगता येत नाही. म्हणून रोज पाणी घालताना ती देवीला जखमेचं सांगून झाल्यावर हळूच हेही सांगायला लागली.

आता वाडीतली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

वाडीत दर साली मारुतीपुढं सप्ता बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, या गळ्यातून त्या गळ्यात जातो. पण पहिल्या दिवशी तो ज्याच्या गळ्यात पडतो, तो त्या सालचा मानकरी. काल्याच्या दिवशी, प्रसाद वाटायच्या आधी, पुढच्या सालचा मानकरी ठरतो. प्रत्येक घरातलं एक माणूस उठून एका घराचं नाव घेतं. ज्या घराचं नाव जास्ती येईल, त्याला मान. फक्त आपल्या घरचं नाव आपण घ्यायचं नाही. तसा लिहिलेला नियम नाही, पण कुणी घेतच नाही. लेकरंसुद्धा घेणार नाहीत. आपल्यात काही असेल तर दुसरा नाव घेईल. एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं, चुकीचं घेतलं गेलं, तर उठून सगळ्यांपुढं सांगायचं, की बाबांनो, माझं चुकलं. सगळे ऐकतात आणि पुन्हा नावं घेतात. भारतला अपघात झाला त्याच्या पुढच्याच साली सगळ्या वाडीनं बद्रीनाथचं नाव घेतलं होतं. त्या दिवशी द्वारकाबाई देवळाच्या खांबाला धरून रडली होती. आपल्या घरावर देवाची नजर आहे, असं तिला वाटलं होतं.

तिसऱ्यांदा मतदान आलं आणि नेमका त्याच आठवड्यात भारतला ताप भरला. दात वाजायला लागले, पिशवीतली लघवी गढूळ झाली. बद्रीनाथनं गाडी आणली आणि त्याला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, इंजेक्शनं सुरू झाली. पोरगा मधूनच डोळे उघडायचा, मधूनच बडबडायचा. फोन द्वारकाबाईच्या पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर कल्याणचा मेसेज आला, खाली उभ्या नावांची यादी. आज सांजेपर्यंत मत टाका. जो मत टाकणार नाही, त्याचा खेळाडू यादीतून बाद.

ती पलंगाशी वाकली. "भारत, अरे मतदानाचं आलंय."

त्यानं डोळे उघडले. "टाक तू," तो म्हणाला. ओठ फुटलेले होते.

"कुणाला टाकू?"

"चार नावं घेता येतात. तुला सगळे म्हाईत हायेत... जो बराबर वाटंल त्याला." आणि त्याचे डोळे पुन्हा मिटले.

द्वारकाबाई सातवीपर्यंत शिकलेली. फोनवर मराठी लिहायला तिला पोरानंच शिकवलं होतं. ती बाहेर आली, नळावर हात-पाय धुतले आणि लिंबाच्या खाली ओट्यावर बसली. देवीचं नाव घेतलं. मत देणं हे काही साधं काम नाही, असं तिला वाटत होतं. तिनं यादीतल्या एकेका खेळाडूला डोळ्यापुढं आणलं. पहिलं नाव दीपमालाचं लिहिलं. मग नागसेनच्या गड्याचं. मग प्रेम नावाचा एक पुण्याचा गडी होता, पाय मोडला तरी परत येऊन खेळलेला, त्याचं. चौथ्याला तिचा अंगठा थांबला.

यादीत तिच्या लेकाचं नाव होतं. तिच्या मनात तर तेच पहिलं होतं. पण आपल्याच लेकाचं नाव आपल्याच हातानं कसं घ्यायचं? लोक काय म्हणतील? आणि भारतनंच तर सांगितलं होतं, दुसऱ्यांनी म्हणलं पाहिजे. एवढी चाळीस माणसं आहेत. त्यांनी घ्यायचं त्याचं नाव, आपण त्यांचं. तिनं तीन नावांवर हात जोडले आणि मेसेज कल्याणला पाठवून दिला. मन असं शांत झालं, जसं देवीला निवद दाखवल्यावर होतं.

आठवडाभरानं पोराला घरी आणलं. अंगात काही राहिलं नव्हतं, गाल आत गेलेले. घरी आल्या आल्या त्यानं फोन मागितला. निकाल लागून दोन दिवस झाले होते, पण ग्रुप कसा उघडायचा ते द्वारकाबाईला धड येत नव्हतं, आणि दवाखान्यात तेवढी उसंतही नव्हती. ती चुलीवर पेज ठेवत होती. बराच वेळ त्याचा आवाज आला नाही, म्हणून ती बाहेर आली.

"काय झालं रे?"

"एका मतानं गेलं," तो म्हणाला.

तिनं पदर तोंडाला लावला. "आग लागो. कोण मेला आडवा आला?"

भारतनं फोन तिच्यापुढं धरला. कल्याणनं सगळ्यांची मतं उघडी टाकली होती, लीगची तशी पद्धतच होती. कुणी कुणाला दिलं, सगळं लिहिलेलं. भारतच्या नावापुढं तीन नावं होती. दीपमाला, नागसेनचा गडी, प्रेम.

"माझं नाव का न्हाई लिवलं, आई?"

"आपलं नाव आपण कसं घ्यायचं?" ती म्हणाली.

"सगळेच घेतात. प्रत्येक जण आपलं नाव आधी लिहितो, मंग बाकीच्यांचं. सगळे घेतात म्हणून ते धरूनच चालतात." त्याचा आवाज चढला नाही. "हे बघ, सर्जेराव सर. पहिलं नाव स्वतःच्या गड्याचं. हा वकील बी. तुझ्या दीपमालाच्या बाईनं बी."

"मला काय म्हाईत रे लेकरा..."

"माझंच चुकलं. मीच सांगितलं न्हाई. मला वाटलंच न्हाई की हे सांगावं लागंल."

खाली लोकांचे मेसेज होते. त्यानं तेही वाचून दाखवले, जणू दुसऱ्याच कुणाचे असावेत. कुणीतरी लिहिलं होतं, भारतभाऊ म्हणजे दिलदार माणूस, शेवटचा चान्स असताना स्वतःला मत दिलं नाही. कुणी टाळ्यांची चित्रं टाकली होती. सर्जेराव सरांनी लिहिलं होतं, "दिलदारी कसली? वाटलं असंल की आम्ही सगळे देऊच. फुगलं की फुटतंच." त्यावर कुणी हसलं होतं.

"निदान सर तरी खरं भांडले," भारत म्हणाला आणि तोंड भिंतीकडं केलं. तेवढंच त्याला करता यायचं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं कल्याणला फोन लावला. "कल्याण, बाळा, ते मत माझं हाय. भारत तापात होता. मला तुमची रीत ठाऊक नव्हती. ते नाव तेवढं आत घाल."

"मावशी, मला वाटलं त्यानंच मुद्दाम तसं केलं. तो हाय बी तसाच." कल्याण म्हणाला. "पण आता मला बदलता येत न्हाई. निकाल लागल्यावर मी हात लावला तर उद्या कुणीबी बोट दाखवंल. सगळ्यांनी मिळून परत मत टाकायचं म्हणलं तरच. आणि ते कामून टाकतील? त्यांना कारण सांगावं लागंल, आणि कारण तर त्यानं सांगू दिलेलं न्हाई."

बाकीचं तिला फारसं ऐकू आलं नाही. सगळ्यांनी परत टाकलं तर, एवढंच कानात राहिलं. चूक झाली तर उठून सगळ्यांपुढं सांगायचं. तिला जन्मभर हेच माहीत होतं.

दोन दिवसांनी दुपारी भारतला गोळीनं डोळा लागला होता. फोनवर काहीतरी बघता बघताच त्याची मान कलंडली होती, आणि ग्रुप उघडाच होता. तिनं फोन उचलला. आवाज कसा भरायचा ते तिला येत होतं, लेकीला हसनाबादला ती तसाच निरोप पाठवायची. ती परसात गेली, गोवऱ्यांच्या ढिगापाशी उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि बोलायला लागली.

"मी भारतची आई बोलून राह्यले. तुम्हा सगळ्यांना रामराम. बाबांनो, माझं चुकलं. ते मत भारतनं न्हाई, मी टाकलं. त्याला ताप होता. मी अडाणी बाई, आपल्या लेकाचं नाव आपण घेऊ नये म्हणून घेतलं न्हाई. माझं पोरगं आठ वर्षांपासून पलंगावर हाय. कमरेखाली त्याला कळत न्हाई. लघवीला नळी हाय. डॉक्टर म्हंत्येत किती दिवस ते सांगता येत न्हाई. त्याला दुसरं काही न्हाई, तुमचा खेळच हाय. माझ्या चुकीची शिक्षा त्याला देऊ नका. परत एकदा नावं घ्या. हात जोडते."

आणि पाठवून दिलं.

भारत उठला तेव्हा फोन थरथरत थरथरत पलंगाच्या कडेला आला होता. त्यानं उचलला, आईचा निरोप ऐकला. पूर्ण ऐकला. द्वारकाबाई दारात उभी होती. तिला वाटलं तो ओरडेल. त्यानं फोन छातीवर पालथा ठेवला.

त्या सांजेपर्यंत परत मतदान झालंसुद्धा. एकाही माणसानं भारतचं नाव सोडलं नाही. सगळ्यांची मतं. लीगमध्ये एवढी कधी कुणाला पडली नव्हती. सर्जेराव सरांनी सगळ्यांत आधी मत टाकलं आणि खाली लिहिलं, "बाळा, मला माफ कर. माझं बोलणं विसर." परभणीच्या दीपमालाच्या बाईनं रडण्याची चित्रं पाठवली. कुणी लिहिलं, तुझी हिंमत बघून आम्हाला लाज वाटते. कुणी खाते नंबर मागितला. कल्याणचा वेगळा मेसेज आला. त्यात एवढंच होतं, "भारत, मी न्हाई सांगितलं."

द्वारकाबाईनं देवीपुढं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा घेऊन ती पलंगाशी गेली. त्यानं तो घेतला आणि हातात नुसता धरून ठेवला.

पुढच्या रविवारी दहा-बारा माणसं गाडी करून आली. शाल, नारळ, फुलांचा हार, आणि काचेच्या फ्रेममध्ये छापलेला कागद, हॉल ऑफ फेम, भारत. देवळापाशी गाडी थांबली तशी सगळी वाडी गोळा झाली. शेजारची साळूबाई तर पुढं होऊन रस्ता दाखवत होती, "इकडून या, इकडून. ते पत्र्याचं." एवढी माणसं त्या खोलीत मावली नाहीत. आत आले ते चपला काढून पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांनी आधी पायाकडं बघितलं. मग नळीकडं. मग कुठं बघावं ते न कळून पत्र्याकडं.

सर्जेराव सर जाड, मिशाळ माणूस होते. ग्रुपवर गरजणारे सर आता कुजबुजल्यासारखे बोलत होते. "कसं हाय आता, बरं वाटतं का?"

"हाव सर," भारत म्हणाला. "मशीन दुरुस्त झालं का तुमचं?"

त्याला वाटलं असेल, सर एखादा टोमणा मारतील. सरांचे डोळेच भरले. त्यांनी खिशातला रुमाल काढला. "कशाचं मशीन रे बाळा. तुझा गडी चांगलाच होता. पह्यल्यापासून चांगला होता."

"मंग पह्यल्या दोन टायमाला मत का न्हाई दिलं?"

वकील नागसेननं पुढं होऊन भारतला शाल पांघरवली. शाल पांघरवायला त्याला जरा उचलावं लागलं, तेव्हा पिशवी हलली, आणि एका पोरसवदा माणसानं नाकाशी हात नेऊन पटकन खाली घेतला. भारतला ते दिसलं. द्वारकाबाईलाही दिसलं. मग फोटो काढले. फोटोत सगळे वाकून पलंगाच्या बरोबरीला आले. कल्याण दारातच थांबला होता, तो फोटोत आला नाही. द्वारकाबाईनं सगळ्यांना चहा केला. सगळे चहा चांगला झाला म्हणाले.

गाडी गेली. धूळ खाली बसली. भारतच्या अंगावर शाल तशीच होती, बाहेर ऊन रणरणत असताना.

"काढ ही," तो म्हणाला.

तिनं काढली, घडी घातली. तिला बोलायचं होतं. शेवटी म्हणाली, "राग आला का रे माझा?"

"राग न्हाई." त्यानं पत्र्याकडं बघितलं. "तिथं तरी मी उभा व्हतो, आई."

संध्याकाळी त्यानं ग्रुप सोडला. नवीन खेळाडू बनवायचं त्याच्या मनात होतं, त्याचं नावही ठरवलेलं होतं, पण ते नाव त्यानं आईला कधी सांगितलं नाही. फ्रेम बद्रीनाथनं खिळा ठोकून भिंतीवर लावायला घेतली, तेव्हा भारत म्हणाला, "बाबा, माझ्या डोक्याच्या मागं लावा. मला दिसायला नको." बद्रीनाथनं तशी लावली. लावून झाल्यावर तो तिथंच हातोडा धरून उभा राहिला, आणि मग शेताकडं निघून गेला.

जखम धुताना आता कुणी काही सांगत नाही. द्वारकाबाईच्या हातातला कापूस आता सरकत नाही. कधी भाकरी थापताना तिच्या तोंडात येतं, दीपमालाचं काय झालं रे, आणि ती तो शब्द पिठासारखा मळून टाकते. तिला वाटतं, चांगली शेजारची माणसं होती, आपल्यामुळं उठून गेली. देवीला पाणी घालताना ती आता पोराचं काही मागत नाही. मागायला भीती वाटते. नुसती हात जोडून उभी राहते.

त्या सालचा सप्ता आला. काल्याच्या दिवशी भारतला कुशीवर वळवून, उशाशी पाणी ठेवून ती देवळात गेली. बायांच्या बाजूला बसली. नावं घ्यायची वेळ झाली तशी साळूबाई सगळ्यांत आधी उठली आणि म्हणाली, "बद्रीनाथचं घर." दुसरीनंही तेच घेतलं. तिसऱ्या घराचा म्हातारा उठला, त्यानंही. आता पुढचा उठणार, तेवढ्यात द्वारकाबाईनं साळूबाईचा पदर ओढला.

"आमचंच कामून घेतलं गं, साळू?"

"असं काय विचारती? लेकराचं असं हाय," साळूबाई हळूच म्हणाली, तिच्या हातावर हात ठेवून. "तेवढाच तुम्हाला मान."

साळूबाईच्या पोटात काही वाईट नव्हतं. बारा महिने द्वारकाबाईच्या घरी ताक पाठवणारी बाई ती. पण द्वारकाबाईला एकाएकी तो खांब दिसला, जो धरून ती त्या साली रडली होती. तो तिथंच होता, समोर, गेरूनं नवा रंगवलेला. तेव्हाही वाडीनं असंच नाव घेतलं होतं. ती उठून उभी राहिली. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"आमच्या घरचं नाव धरू नका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "या साली दुसऱ्या कुणाचं बघा."

"अगं, पण सगळे म्हणून राह्यले..."

"न्हाई म्हणलं ना." मारुतीला हात जोडून ती चपला घालायला वळली. प्रसादाला थांबली नाही. मागं टाळ थांबलेले होते, आणि मग कुणीतरी दुसऱ्या घराचं नाव घेतलं.

घरात शिरली तेव्हा यंत्र घुर्र करत होतं. भारत जागा होता. देवळातलं बोलणं तिथवर स्पष्ट यायचं नाही, पण काहीतरी चाललंय एवढं कळायचं.

"कुणाला मान?" त्यानं विचारलं. किती दिवसांनी त्यानं आपण होऊन काही विचारलं होतं.

"दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय. मी निघून आले."

"आपलं नाव आलं का?"

द्वारकाबाईनं पिशवी बघितली. भरत आली होती. ती पलंगाशी खाली बसली, नळीचा चाप लावला.

"न्हाई," ती म्हणाली. "आपलं नव्हतं आलं."

"किती मतं कमी पडली?"

"लई," ती म्हणाली. "लईच कमी पडली."

तो जरा हसल्यासारखा झाला. पाठ हलली. "मंग ठीक हाय," तो म्हणाला.

ती पिशवी घेऊन परसात गेली, रिकामी केली, धुतली आणि पुन्हा आत येऊन लावली.